खुलताबादचा बंदिवान

आपल्या धर्मग्रामांच्या सहली वेरूळला नेहमी जातात. दौलताबादचा किल्ला पाहून गाडी घाट चढते, खुलताबादला पाव तास थांबते आणि पुन्हा घाट उतरून लेण्यांकडे वळते. त्या पाव तासात मंडळी औरंगजेबाची कबर पाहतात. शेख झैनुद्दीन शिराजी ह्यांच्या दर्ग्याच्या आवारात, उघड्या आकाशाखाली, मातीत रुजलेल्या सब्जाच्या रोपाखाली तो बादशहा निजला आहे. भोवतालची संगमरवरी जाळी विसाव्या शतकाच्या आरंभी, लॉर्ड कर्झनच्या काळात बसविली गेली. मूळची कबर त्याहूनही साधी होती. मुले विचारतात, एवढ्या मोठ्या बादशहाची एवढीशी कबर का? शिक्षक सांगतात, टोप्या शिवून मिळालेल्या पैशांतूनच आपल्या कफनाचा खर्च व्हावा, असे त्याने लिहून ठेवले होते. मग भद्रा मारुतीच्या देवळापुढे चहा होतो आणि गाडी निघते.

त्याच गावात आणखी एक कबर आहे. ती पाहण्यास सहसा कुणी थांबत नाही. सय्यद यूसुफ हुसैनी, म्हणजेच शाह राजू कत्ताल ह्यांचा दर्गा खुलताबादेत आहे. गुलबर्ग्याच्या बंदानवाज गेसूदराज ह्यांचे हे वडील. ह्या दर्ग्याच्या आश्रयाने गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन कुतुबशाह ह्याला मूठमाती मिळाली. लोक त्याला तानाशाह म्हणत. आज मराठीत हा शब्द हुकूमशहासाठी शिवीसारखा वापरला जातो, पण ज्याचे हे नाव होते तो माणूस स्वभावाने हुकूमशहा मुळीच नव्हता. तो औरंगजेबाचा कैदी होता. बारा-तेरा वर्षे दौलताबादच्या किल्ल्यात कोंडून घातलेल्या अवस्थेत तो वारला. कैद करणारा आणि कैदी, दोघेही एकाच लहानशा गावात चिरविश्रांती घेत आहेत. त्या गावाचे आजचे नावही कैद करणाऱ्याच्या मरणोत्तर ‘खुल्द-मकान’ ह्या पदवीवरून पडले. त्याआधी लोक त्याला नुसते रोझा म्हणत.

आम्हांला ह्या लेखात बोलावयाचे आहे ते त्या दुसऱ्या कबरीविषयी, आणि तिच्या निमित्ताने, भिंतीआड मरणाऱ्या माणसांविषयी.

अबुल हसनाचे पूर्वायुष्य राजपुत्रासारखे नव्हते. राजघराण्याशी त्याचे दूरचे नाते होते. पण तारुण्याची सुमारे चौदा वर्षे त्याने हैदराबादेस शाह राजू नावाच्या सूफी गुरूच्या मठात काढली. हे गुरू खुलताबादच्या शाह राजू कत्ताल ह्यांच्याच वंशातले. ‘तानाशाह’ हे लाडके नाव गुरूंनीच दिले, अशी परंपरा सांगते. अब्दुल्ला कुतुबशाहाची धाकटी मुलगी त्याला दिली गेली आणि १६७२ साली हा मठातला शिष्य गादीवर बसला. मादण्णा आणि आकण्णा हे दोघे ब्राह्मण बंधू त्याचे कारभारी होते. १६७७ साली दक्षिण दिग्विजयास निघालेल्या छत्रपती शिवाजी महाराजांचे त्याने आपल्या राजधानीत मोठ्या सन्मानाने स्वागत केले.

दहा वर्षांनंतर, १६८७च्या जानेवारीत, औरंगजेबाने गोवळकोंड्यास वेढा घातला. वेढा आठ महिने चालला. पाऊस, दुष्काळ आणि रोगराई ह्यांनी किल्ल्याबाहेरची बादशाही छावणी आतल्या शिबंदीइतकीच हैराण झाली. अखेर तोफांनी जे साधले नाही ते पैशाने साधले. सप्टेंबरच्या एका उत्तररात्री अब्दुल्लाखान पन्नी नावाच्या सरदाराने फितुरीने दिंडी उघडली. अब्दुर्रझ्झाक लारी हा एकच सरदार दरवाज्यात लढत राहिला. त्याच्या अंगावर सत्तर जखमा झाल्या. खाफीखान हा इतिहासकार सांगतो की, मरणाच्या दारी पडलेल्या ह्या शत्रूवर उपचार करण्यासाठी बादशहाने दोन शस्त्रवैद्य धाडले, एक फिरंगी आणि एक हिंदू. लारी वाचला. शत्रूच्या अंगावरील जखमा शिवण्यासाठी आपला वैद्य पाठविणारा बादशहा आणि शत्रूला आमरण कोंडून ठेवणारा बादशहा, हे दोघे एकच होते, हे वाचकांनी लक्षात ठेवावे. माणसाचे मन असे दुपदरी असते.

अबुल हसनाच्या अटकेचा प्रसंगही खाफीखानानेच रंगवला आहे. बादशाही सरदार महालात शिरले, तेव्हा त्याने जनानखान्यातील रडणाऱ्या स्त्रियांचे सांत्वन केले, त्यांचा निरोप घेतला आणि बाहेर येऊन आपल्या बैठकीवर बसला. न्याहारीची वेळ झाली होती, म्हणून त्याने न्याहारी मागविली. अशा घडीला घास उतरतो कसा, असे सरदारांनी विचारले. ही माझी नेहमीची जेवणाची वेळ आहे. ज्या देवाने फकिरी दिली आणि मग राज्य दिले, त्यानेच आता हे परत घेतले. अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले. मग जेवण उरकून, दागिने घालून, घोड्यावर बसून तो चालता झाला. विजेत्याच्या हाती सुमारे सात कोटी रुपयांची रोकड लागली. जवाहीर, सोन्याचांदीची भांडी वेगळीच.

पुढे त्याला दौलताबादला आणण्यात आले. सालिना पन्नास हजार रुपये तनखा ठरला. किल्ल्याच्या बालेकिल्ल्याकडे जाताना, खंदक लागण्याआधी, चिनी महाल नावाची जी इमारत दिसते, तेथे त्याची राहण्याची व्यवस्था झाली. दर्शनी भिंतीवर निळ्या-पिवळ्या चकाकत्या फरश्या होत्या म्हणून ते नाव पडले. त्यांचे थोडे तुकडे आजही शिल्लक आहेत. निजामशाहीच्या वैभवाच्या काळात महाल म्हणून बांधलेली वास्तू मोगलांनी तुरुंग म्हणून वापरली. तेथून वर पाहिले की तासलेला काळा कडा, खाली पाहिले की तट. सुमारे १७०० साली अबुल हसन तेथेच वारला आणि काही मैलांवरच्या रोझ्यात, आपल्या गुरूंच्या पूर्वजापाशी, त्याला नेऊन ठेवले.

कुणी म्हणेल, पन्नास हजार रुपयांचा तनखा, महालात वास्तव्य, ही कसली कैद! खरेच, सामान्य कैद्याच्या तुलनेत हे सुखच होते. परंतु त्याच्याबरोबरीचा दुसरा बंदिवान पाहावा. विजापूरचा सिकंदर आदिलशाह १६८६च्या सप्टेंबरात शरण आला, तेव्हा तो अठरा वर्षांचा कोवळा मुलगा होता. त्याला एक लाख रुपयांचा तनखा मिळाला. त्यालाही काही काळ दौलताबादला ठेवले, मग बादशाही छावणीबरोबर गावोगाव फिरविले. ३ एप्रिल १७०० रोजी, साताऱ्याच्या वेढ्याच्या छावणीत तो मरण पावला. वय पुरते बत्तीसही नव्हते. त्याच्या इच्छेनुसार विजापुरात त्याच्या गुरूच्या पायाशी त्याला पुरले. एक वृद्धत्वाकडे झुकलेला माणूस आणि एक ऐन तारुण्यातला, एकाच बादशहाच्या कैदेत, एकाच सुमारास गेले. अन्न दोघांनाही भरपूर होते. पोट भरलेले असूनही माणूस कैदेत का झिजतो, हा वैद्यकाचाही प्रश्न आहे.

ह्याच छावणीत आणखी एक बंदिवान वाढत होता. १६८९ साली रायगड पडला, तेव्हा येसूबाईंबरोबर बाळ शाहूराजे मोगलांच्या हाती लागले. पुढील अठरा वर्षे शाहूंनी त्या तंबूंच्या नगरात काढली. ऐन तारुण्यात असताना त्यांचा चेहरा पिवळा पडलेला बादशहाच्या नजरेस आला. चौकशी केली, तेव्हा कळले की शाहू शिजवलेले अन्न घेत नाहीत; फळे, मिठाई, कोरडे पदार्थ ह्यांवरच राहतात, कारण कैदेत असताना हिंदूने शिजलेले अन्न खाऊ नये अशी त्यांची समजूत होती. त्यावर बादशहाने निरोप धाडला की, तुम्ही कैदेत नाही, आपल्याच घरी आहात, जेवा. निरोप मायेचा होता. पण फळांवर राहणाऱ्या त्या तरुणालाच ठाऊक होते की हे घर नाही. १७०७ साली बादशहा वारल्यानंतर शाहूंची सुटका झाली. येसूबाईंना मात्र १७१९पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे तीस वर्षे. मराठ्यांच्या इतिहासात लढायांची वर्णने पानेच्या पाने आहेत. ह्या माऊलीच्या तीस वर्षांना आपण किती ओळी दिल्या, हे ज्याचे त्याने पाहावे.

मोगल राजघराण्यातल्या बंदिवानांचा तुरुंग म्हणजे ग्वाल्हेरचा किल्ला. दौलताबादशी त्याचा जुना संबंध आहे. १६३३ साली दौलताबाद मोगलांनी जिंकले, तेव्हा हुसेन निजामशाह ह्या अल्पवयीन राजाला ग्वाल्हेरलाच जन्मभरासाठी धाडले गेले. तीन वर्षांनी, शहाजीराजांनी ज्या मुलाला निजामशाहीच्या गादीवर बसविले होते, तोही तेथेच पोचला. ज्या मलिक अंबराने ही निजामशाही एकहाती सावरून धरली, तो १६२६ साली वारला, आणि त्याची कबर पुन्हा ह्याच खुलताबादेत आहे. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी. साखळदंडाची चव त्याला ठाऊक होती.

ग्वाल्हेरमध्ये काय चाले, ते फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए ह्याने लिहून ठेवले आहे. तो पेशाने डॉक्टर असल्यामुळे त्याचे वर्णन आम्हांस विशेष मोलाचे वाटते. ज्या राजपुत्राचे डोके उडविणे लोकापवादामुळे अडचणीचे, त्याला रोज सकाळी रात्रभर भिजविलेल्या पोस्ताच्या, म्हणजे अफूच्या बोंडांच्या पाण्याचा मोठा पेला देत. तो पेला पोटात गेल्याशिवाय अन्न मिळत नसे. काही महिन्यांत शरीर वाळे, बुद्धी मंद होई, माणूस हळूहळू विझत जाई. ना तलवारीचा घाव, ना विषाचा डाग. लोकांना सांगावयास ‘आजाराने वारला’ हे शब्द तयार. दारा शुकोहचा देखणा मुलगा सुलेमान शुकोह पकडून आणला गेला, तेव्हा त्याने काकापुढे एवढेच मागणे केले की, पोस्त पाजावयाचे असेल तर त्याऐवजी आत्ताच मारावे. काकाने, म्हणजे औरंगजेबाने, पोस्त दिले जाणार नाही असे वचन दिले. १६६२ साली सुलेमान ग्वाल्हेरमध्ये मेला. स्वतः शहाजहान आग्र्याच्या किल्ल्यात मुलाचा कैदी म्हणून साडेसात वर्षे राहिला आणि १६६६च्या जानेवारीत ताप व मूत्रावरोध ह्यांनी गेला. शेवटपर्यंत सेवेस होती ती एक मुलगी, जहाँआरा.

परंतु ह्याच शहाजहानने, आपण गादीवर असताना, दुसऱ्यांना काय भोगावयास लावले, हे आपल्या ख्रिस्ती वाचकांस ठाऊक असावयास हवे. बंगालमधील हुगळीचे पोर्तुगीज ठाणे १६३२ साली त्याच्या सैन्याने घेतले. हजारो ख्रिस्ती स्त्रीपुरुष-मुले कैद झाली. त्यांना बंगालहून आग्र्यापर्यंत चालविण्यात आले. वाटेत कित्येक मेले. १६३३च्या जुलैत, म्हणजे दौलताबाद पडल्यावर अवघ्या काही आठवड्यांत, सुमारे चारशे कैदी बादशहासमोर उभे केले गेले. ज्यांनी धर्म बदलला, त्यांना मोकळीक मिळाली. ज्यांनी नाकारले, ते तुरुंगात गेले. दरबारी इतिहासकारानेच नमूद केले आहे की, त्यांतले पुष्कळ त्या तुरुंगातच मेले. त्या बंदिवानांमध्ये धर्मगुरूही होते. आग्र्याच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमीत एक लहानसे चॅपेल आहे, त्याला तेथील लोक ‘पाद्री संतुस’ म्हणतात. कैदेत वारलेल्या धर्मगुरूंना तेथे पुरले आहे. मेणबत्त्या आजही लागतात, आणि लावणाऱ्यांत केवळ ख्रिस्तीच नसतात.

येथे लेखणी थांबविली असती तर गोष्ट आपल्याला सोयीची झाली असती. छळणारे ते, सोसणारे आपण. पण इतिहास लिहावयाचा तर स्वतःच्या घराचे दारही उघडावे लागते.

गोवळकोंडा पडले त्याच १६८७ साली युरोपात एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक देलाँ, पुन्हा एक फ्रेंच वैद्य. तो दमणला रुग्ण तपासून पोट भरीत असे. १६७३ साली इन्क्विझिशनच्या हुकमावरून त्याला पकडण्यात आले. दमणच्या तुरुंगाचे त्याने केलेले वर्णन वाचवत नाही. नदीच्या पातळीखालच्या ओल्या खोल्या, कोंडलेली हवा, अन्नाची वानवा. भुकेने वेडेपिसे झालेल्या मलबारी कैद्यांनी आपल्याच पागोट्यांनी गळे आवळून घेतल्याचे तो सांगतो. तेथून त्याला जहाजाने गोव्याला नेले. वाटेत आपल्या वसईच्या तुरुंगातही त्याचा मुक्काम पडला. वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चे आपण अभिमानाने पाहुण्यांना दाखवतो. त्याच तटाच्या आत तुरुंगही होता, हे सांगावयाचे राहून जाते.

देलाँ हा प्रामाणिक साक्षीदार आहे, असे आमचे मत झाले आहे, कारण तो जे चांगले होते तेही सांगतो. गोव्यातील अल्जूब नावाचा तुरुंग म्हणजे घाणीचे आगर. परंतु खुद्द इन्क्विझिशनच्या कोठड्या स्वच्छ, पांढऱ्या चुन्याने रंगविलेल्या, अन्न वेळच्या वेळी, आजारी पडल्यास वैद्य येई. मग उणे काय होते? उणे होते ते माणूस. कोठडीत बोलावयास कुणी नाही, रडण्याचा आवाज झाला तर पहारेकरी दटावे, खटला कशाबद्दल हे सांगत नसत. सुदृढ तरुण देलाँने त्या स्वच्छ कोठडीत अनेकदा जीव देण्याचा प्रयत्न केला. आणि ख्रिस्ती वाचकाच्या काळजाला सर्वांत झोंबणारी गोष्ट ही की, धर्माच्या नावाने चालविलेल्या त्या घरात मरणाऱ्याला अखेरचे ख्रिस्तशरीर दिले जात नसे, मिस्सा ऐकू येत नसे, आणि जो कोठडीत मेला त्याला तेथेच, कोणत्याही विधीवाचून पुरले जाई. १६७६च्या जानेवारीत देलाँला शिक्षा सुनावून पोर्तुगालला धाडण्यात आले, तो पुढल्या वर्षी सुटला. गोव्याचे इन्क्विझिशन १८१२ साली कायमचे बंद झाले. आपल्या ख्रिस्तसभेने ह्या भूतकाळाबद्दल क्षमा मागितली आहे. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी ती जाहीरपणे मागितली.

आतापर्यंत सुलतान, राजपुत्र, धर्मगुरू आणि वैद्य ह्यांच्याविषयी बोलणे झाले. ज्या सामान्य चोराला, कर्जबुडव्याला, सारा न भरलेल्या कुणब्याला गढीच्या तळघरात टाकले, त्याचे काय झाले? त्याची कबर खुलताबादेत नाही, कोठेच नाही. किती जण आत गेले आणि किती बाहेर आले, ह्याची वर्षवार नोंद ठेवण्याची पद्धत आपल्याकडे इंग्रजी अमलात रुजली. तिच्यामागे दया होती असे नव्हे. कैदी हा सरकारी मजूर होता आणि मेलेला मजूर खर्चाच्या बाजूला पडे. परंतु एकदा मृत्यू कागदावर आला की त्याला जाब विचारता येतो. १८९४च्या तुरुंग कायद्याने प्रत्येक तुरुंगाला वैद्यकीय अधिकारी असलाच पाहिजे, दाखल होणारा प्रत्येक कैदी तपासलाच पाहिजे, असे बंधन घातले.

ह्या काळातील एक हकीकत मुंबईकर वाचकांस आठवत असेल. १८९६च्या सप्टेंबरात मांडवी बंदराच्या वस्तीत प्लेग उमटला. ओडेसाचा ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन ह्याने ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैदी पळून जाऊ शकत नव्हते. शहरातले लोक मात्र आगगाड्या भरभरून पळत होते. हाफकिनने तुरुंगात जाऊन, जे तयार होतील त्यांना लस टोचली. सुमारे दीडशे कैद्यांनी ती घेतली, त्याहून थोड्या अधिकांनी घेतली नाही. न घेतलेल्यांपैकी १२ जणांस प्लेग झाला आणि ६ मेले. घेतलेल्यांपैकी दोघांस झाला, मेला कुणीच नाही. पुढे लक्षावधी लोकांना जी लस मिळाली, तिचा पहिला पुरावा ह्या अनाम कैद्यांच्या दंडांनी दिला. कोंडलेल्या माणसाने दिलेला होकार कितपत मोकळा असतो, असा प्रश्न आज कुणी विचारील, आणि तो रास्त आहे. परळच्या हाफकिन संस्थेपुढून जाताना आम्हांला मात्र त्या दोन ओळींत उभ्या असलेल्या कैद्यांची आठवण होते.

छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, उत्तर अंगास हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथून खुलताबाद फार तर सोळा मैल. आपल्या देशातील कारागृहांत २०२२ साली ५,७३,२२० माणसे होती. जागा होती ती ४,३६,२६६ माणसांची. ह्यांपैकी शंभरांत पाऊणशे जण शिक्षा झालेले नव्हते. खटला चालू असलेले, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने अजून निर्दोष असलेले होते. त्या एका वर्षात १,९९५ माणसे कोठडीत मेली. त्यांतील १,७७३ मृत्यू ‘नैसर्गिक’ ह्या सदरात नोंदले आहेत, आणि ११९ जणांनी आत्महत्या केली. ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचताना ग्वाल्हेरच्या पेल्याची आठवण होऊ नये, असे मनाला कितीही बजावले तरी ती होते. आज कुणी पोस्त पाजीत नाही, हे खरे. परंतु दाटीत पसरणारा क्षय, वेळेवर न मिळालेली गोळी, पहारा उपलब्ध नाही म्हणून रुग्णालयात न नेलेला हृदयविकाराचा माणूस, हे मृत्यू निसर्गाच्या खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. कैद्याला मिळणारे वैद्यकीय उपचार बाहेरच्या नागरिकाला मिळतात त्याच दर्जाचे असावेत, हे संयुक्त राष्ट्रसंघाने २०१५ साली, नेल्सन मंडेला ह्यांचे नाव दिलेल्या नियमांत, स्पष्ट लिहिले आहे. सत्तावीस वर्षे तुरुंगात काढलेल्या त्या माणसाला तेथेच क्षय जडला होता.

आपल्या समाजाने हे दुःख फार जवळून पाहिले ते २०२१ साली. फादर स्टॅन स्वामी हे येशूसंघीय धर्मगुरू, जन्म २६ एप्रिल १९३७चा, तमिळनाडूतील तिरुचिरापल्लीकडचा. आयुष्य झारखंडच्या आदिवासींत गेलेले. ८ ऑक्टोबर २०२० रोजी रांचीजवळच्या बगैचा ह्या त्यांच्या निवासस्थानातून भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक झाली आणि नवी मुंबईच्या तळोजा कारागृहात आणण्यात आले. आरोप काय, ते खरे की खोटे, ह्याचा निवाडा न्यायालयात झालाच नाही. तो होण्याआधी ते गेले, म्हणून आम्हीही येथे तो करीत नाही. त्यांना कंपवात होता. हात इतके थरथरत की पेला ओठांपर्यंत नेता येत नसे. पाणी पिण्यासाठी नळी आणि झाकणाचा पेला, तसेच थंडीचे कपडे मिळावेत, म्हणून नोव्हेंबरमध्ये न्यायालयात अर्ज करावा लागला, आणि एवढ्याशा गोष्टीला तारखा पडल्या. तेरा फूट लांब, आठ फूट रुंद कोठडीत ते इतर दोघांबरोबर राहात. सहकैदी त्यांना भरवीत, अंघोळ घालण्यास मदत करीत. त्यांनी मित्रांना लिहिलेल्या पत्रांत स्वतःच्या हालांपेक्षा, ज्यांना आपल्यावरचा आरोपही ठाऊक नाही अशा गरीब कैद्यांविषयीच अधिक लिहिले आहे.

मार्चमध्ये जामीन नाकारला गेला. २१ मे २०२१ रोजी दूरदृश्य यंत्रणेवरून ते उच्च न्यायालयापुढे आले. आलो तेव्हा मी स्वतः जेवू शकत होतो, चालू शकत होतो, अंघोळ करू शकत होतो. आता काहीच होत नाही, अशा अर्थाचे त्यांचे बोलणे होते. सरकारी रुग्णालयात जाण्यास त्यांनी नकार दिला. मरण येणारच असेल तर ते आपल्या माणसांत यावे, एवढेच मागितले. २८ मेच्या आदेशानुसार त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविले. तेथे कोविड झाल्याचे निष्पन्न झाले. ५ जुलै रोजी दुपारी, त्यांच्या जामिनाची सुनावणी चालू व्हावयाची त्याच दिवशी, त्यांचे निधन झाले आणि ते वृत्त न्यायमूर्तींना भर न्यायालयात सांगावे लागले. वय चौऱ्याऐंशी.

थंडीच्या कपड्यांचा तो अर्ज वाचताना आम्हांला संत पौलाची आठवण झाली होती. तिमथीला पाठविलेल्या दुसऱ्या पत्राच्या शेवटी, कैदेत असलेला वृद्ध पौल मोठमोठे उपदेश करून झाल्यावर एक साधी गोष्ट मागतो. त्रोवस येथे कार्पाच्या घरी राहिलेला झगा येताना घेऊन ये, आणि हिवाळ्यापूर्वी ये, असे तो कळवितो. त्या झग्यावर आपल्या चर्चमध्ये प्रवचन क्वचितच होते. तिमथी वेळेत पोचला की नाही, ह्याविषयी पवित्र शास्त्र मौन बाळगून आहे.

खुलताबादला औरंगजेबाच्या कबरीपाशी गाडी थांबली, तर शाह राजू कत्तालांच्या दर्ग्याची वाट कुणासही विचारावी. गावातले लोक दाखवतात.